आठव्या फ्रेटास खुले पत्र

श्री. आठवे फ्रेट,
मुक्काम माझ्या बेस गिटारची मान, यांसी

स. न. वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. तारा उंच होत्या तोवर आपलं जरासं वर आलेलं डोकं कुणाच्या नजरेत आलं नाही. मी ब्रिजवरची सॅडल्स खाली घेतली, बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची तीन मिलिमीटरवरून दोनवर आणली, आणि आपल्याला कंठ फुटला.

चलाखी तरी केवढी! बोट दाबायचं सातव्यावर, तार थरथरत येऊन आपटायची तुमच्यावर, आणि बदनाम व्हायचा सातवा. त्याच्या घरात ठिपका आहे, नवव्याच्याही आहे, तुम्ही मधले बिनठिपक्याचे. पोटदुखी समजू शकतो. पण म्हणून ए तारेवरचा ई स्वर पत्र्याच्या डब्यासारखा खडखडवायचा? अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी बारीक खरखर मीही कानाआड करतो. तुमची मात्र ड्रमरलाही ऐकू जाते.

तुमच्यापायी निरपराधांची झडती झाली. मोकळ्या तारा स्वच्छ वाजत होत्या, म्हणून नट लगेच सुटला. मग पाळी ट्रस रॉडची, तो तर कायमचाच संशयित. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर सगळीकडे खरखर असती, तर मान फाजील सरळ झाली म्हणून त्याला पाव फेरा सैल केलंही असतं. पण तिथे सगळं शांत. तरी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि मधली फट फीलर गेजने मोजली. हो, गॅरेजवाले टॅपेटला लावतात तेच. साधारण ०.३५ मिलिमीटर हवी. आता गंमत बघा, हे माप घेण्याची रूढ जागा म्हणजे सातव्या-आठव्याच्या आसपास. नेमकं तुमच्याच डोक्यावर! साहजिकच फट कमी भरली आणि गुन्हेगाराच्या साक्षीवर मान दोषी ठरू लागली. सातव्यावर मोजलं तेव्हा माप बरोबर निघालं.

शेवटी तुम्हाला पकडलं ते एटीएम कार्डाने. ३४ इंची स्केलच्या बेसवर त्याची लांब कड सातवा, आठवा, नववा या तिघांवर बरोबर बसते. पाचवा-सहावा-सातवा यांवर कार्ड गुमान बसलं. तुमच्यावर ठेवताच डुगडुगू लागलं, टक-टक, टक-टक. याहून मोठा पंचनामा काय करायचा?

हितचिंतक म्हणतात, सॅडल्स परत वर घे, आठवा गप्प होईल. होईल ना! आणि तुमची अब्रू झाकायला बोटं मात्र माझी सोलायची.

झंकाराचीच हौस असेल, तर मिरजेला जा. तिथल्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे, आणि तिथले कारागीर घोडी घासून-घासून तारेला जवारी काढतात. ती विद्या आहे. तुम्ही करता तो नुसता उपद्रव. लिओ फेंडरने १९५१ मध्ये फ्रेट ठोकलेला बेस बाजारात आणला तो ‘प्रिसिजन’ या नावाने. त्या घराण्याचं नाव आपण फारच उज्ज्वल केलंत. आणि फार माजू नका. जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेस फ्रेटांवाचून वाजत होता आणि जगाने तो कान देऊन ऐकला.

तेव्हा निकाल ऐका. मानेखाली आधार देऊन आधी तुम्हाला हलक्या हातोडीने खाचेत बसवलं जाईल. कदाचित लाकूड फुगण्या-आक्रसण्यात तुम्ही सैल झाला असाल, एवढा संशयाचा फायदा देतो. बसलात तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब, आणि प्रकरण मिटलं. नाही बसलात, तर फिंगरबोर्डवर टेप लावून, माथ्यावर मार्करची रेघ ओढून कानस फिरेल. सपाट झालेला माथा परत गोल करून मिळेल, तेवढी माणुसकी आमच्यात आहे. शेवटी इंटोनेशन तपासायचंच आहे, कारण सॅडल्स हलली आहेत.

शनिवारी कार्यक्रम आहे. तोवर दुरुस्ती झाली नाही, तर तो ई स्वर मी ई तारेच्या बाराव्या फ्रेटवर वाजवीन. स्वर तोच आहे, आणि तिथे वाटेत तुम्ही येत नाही.

आपला,
एक त्रस्त बेसवादक