चादरीची परीक्षा

सोलापूरचा माणूस दवाखान्यात गेला की आधी चादर बघतो, डॉक्टर नंतर. आमच्या शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची बहीण भेटायला आली. तिनं तब्येत विचारायच्या आधी अंगावरच्या चादरीचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळला, उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, “ही आपली नव्हं. पानिपतची हाय.” काकू भुलीतून नुकत्या बाहेर येत होत्या, तरी त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून घरची जेकार्डची चादर निघाली, तिच्या मागून शेंगाचटणी निघाली, कडक भाकरी निघाली. ‘पेशंटला फक्त पेज’ असं सिस्टरनी सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, “पेशंटला कोण देतंय? आम्ही खातो की!”

या मावशींना फ्रान्स्वा पिरार्डच्या शेजारच्या पलंगाशी बसवायला हवं होतं. पिरार्ड हा फ्रेंच खलाशी. जहाज मालदीवजवळ फुटलं, काही वर्षं तिथंच अडकला आणि शेवटी 1608 मध्ये आजारी अवस्थेत पोर्तुगीजांचा कैदी म्हणून गोव्याच्या ‘रॉयल हॉस्पिटल’मध्ये येऊन पडला. आल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतल्यावर सुरू झालेलं हे इस्पितळ पुढं जेझुइट पाद्र्यांच्या हाती आलं होतं. बरा होऊन मायदेशी गेल्यावर पिरार्डनं त्याचं वर्णन लिहिलं. त्यात औषधापेक्षा अंथरूण जास्त आहे. तांबड्या लाखेचे पलंग, रेशमी नाहीतर सुती गाद्या, नक्षीदार पांघरुणं, पांढऱ्याशुभ्र तलम चादरी. आल्याआल्या न्हाव्यानं हजामत केली, गरम पाण्यानं अंघोळ घातली, मग विजार, सदरा, टोपी, सपाता दिल्या. उशाशी पंखा आणि पाण्याची सुरई. कैद्याची अशी बडदास्त! आपल्याकडं जावयालाही एवढं पहिल्या दिवाळसणालाच मिळतं.

आता यातली खोच अशी, की हे सगळं गोऱ्या शिपायांसाठी. ज्या मातीवर ते इस्पितळ उभं होतं तिथल्या माणसाला त्या तांबड्या पलंगावर जागा नव्हती. मावशींना हे सांगितलं असतं तर त्यांनी पाद्र्यांनाही सुनावलं असतं.

तरी पिरार्डनं गाद्यांचंच कौतुक का करावं, हे समजण्यासारखं आहे. त्या काळी युरोपातल्या वैद्यकाचा मुख्य इलाज म्हणजे शीर कापून रक्त काढणं. जो रोगी जगायचा तो बहुधा अंथरूण, अन्न आणि अंघोळीवर. पॅरिसच्या ‘ओतेल द्यू’त तर अठराव्या शतकातही एकेका पलंगावर कितीतरी रोगी कोंबलेले असत. तिथं कोणाचं पांघरूण कोणाच्या अंगावर, हाच मोठा प्रश्न.

पलंगाचं मोल पहिल्यांदा कळलं ते रोगी होऊन गेलेल्यांना. पोर्तुगालचा जुआंव ग्रानादात पुस्तकं विकायचा. एक प्रवचन ऐकून त्याचं चित्त असं ढवळलं की लोकांनी वेडा ठरवून इस्पितळात टाकला. वेडावरचं तेव्हाचं औषध चाबूक. ते पोटभर घेऊन बाहेर आल्यावर त्यानं भाड्याच्या घरात स्वतःच रोगी ठेवायला सुरुवात केली. तोच पुढं संत जॉन ऑफ गॉड.

कामिल्लो दे लेल्लिस तर आणखी नगच. धिप्पाड शिपाई, पत्त्यांचा नाद आणि पायाची कधीच न भरणारी जखम. रोममधल्या इस्पितळात उपचारासाठी राहिला, तिथंच चाकरीला लागला आणि जुगारापायी हाकलला गेला. पुढं सुधारून परत आला तो त्याच इस्पितळाचा व्यवस्थापक झाला. रोग्यांची सेवा करणाऱ्या त्याच्या मंडळाला 1586 मध्ये पोपची मान्यता मिळाली. छातीवर तांबडा क्रूस लावून ही मंडळी रोगी म्हणजे आपला मालक असं मानत. 1886 मध्ये चर्चनं या दोघांना, चाबूक खाल्लेल्या वेड्याला आणि हाकललेल्या जुगाऱ्याला, सगळ्या रुग्णांचे आणि रुग्णालयांचे आश्रयदाते ठरवलं. मला ही निवड फार पटते. आयुष्यात कधी सलाइन न लागलेल्या माणसाच्या हाती दवाखाना देऊच नये.

आम्हा सोलापूरकरांना मिशनचा दवाखाना म्हटलं की आठवते मिरज. तिथं डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये काढलेलं इस्पितळ. ते प्रेस्बिटेरियन, कॅथलिक नव्हेत, पण “मिरजेला न्या” म्हणणाऱ्याला हा फरक कशाला हवा? कुर्डुवाडीला गाडी बदलून, बार्शी लाइटच्या छोट्या डब्यात पथारी टाकून माणसं तिकडं जायची. पथारी अर्थातच घरची.

पिरार्डनं आणखी एक गोष्ट टिपली आहे. त्या इस्पितळात भेटायला येणाऱ्यांना रोग्याबरोबर जेवायची मुभा होती आणि पाहुणा बसलेला दिसला की वाढपी जास्तीचं वाढत. जेझुइटांचा हिशेब एका रोग्यामागं एखाद-दुसरा पाहुणा असा असणार. काकूंच्या खोलीत दुपारपर्यंत आम्ही नऊजण होतो आणि अक्कलकोटची मंडळी अजून यायची होती.