इस्तंबूलमधली खरेदी: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम वार बघावा. ग्रँड बझार रविवारी बंद असतो. तुमच्या टूरवाल्याने नेमका रविवारच ठेवला असेल, तर पूर्वजांची पुण्याई समजून पुढचे वाचू नये.

बाकीच्यांनी आत शिरावे. साठेक गल्ल्या, चारेक हजार दुकाने. सुलतान दुसऱ्या मेहमदाने १४५३ साली शहर जिंकले आणि दोन-तीन वर्षांतच हा बाजार बांधायला घेतला. म्हणजे समोरच्याच्या गाठीशी साडेपाचशे वर्षांचा सराव. आपल्या गाठीशी तुळशीबाग. तरी घासाघीस करावीच. न केल्यास त्याचाच विरस होतो.

गालिच्याच्या दुकानात चहा येतो. सफरचंदाचा चहा पाहुण्यांपुरता, तुर्क स्वतः बिनदुधाचा काळा पितात. चहा फुकटच असतो, पण तो संपेपर्यंत पोरांनी डझनभर गालिचे उलगडलेले असतात आणि मग नुसते उठून जायची लाज वाटते. अशा वेळी गालिचा उलटा करून पाठीमागच्या गाठी निरखाव्यात. गाठी जितक्या बारीक आणि दाट, तितके काम मोलाचे. हे ओळखता आले नाही तरी बिघडत नाही. मान नापसंतीने हलवता आली पाहिजे.

ऑफिसातल्यांसाठी दृष्ट टाळणारे काचेचे निळे डोळे डझनाच्या भावात घ्यावेत. विषय संपला.

केशर मात्र जपून. एमिनोन्यूच्या मसाला बाजारात ‘तुर्की केशर’ म्हणून ढीग मांडलेले दिसतात. एक ग्रॅम खऱ्या केशराला दीडेकशे फुले खुडावी लागतात. त्याचे ढीग कोण मांडेल? ही बहुधा करडईची फुले. काडी एका टोकाला तुतारीसारखी पसरत गेली असेल तर केशर, नाहीतर करडई. सोलापूरकरांनी ही परीक्षा अवश्य करावी. बांधावरची करडई लिरा मोजून, विमानाने घरी आणल्याचे आईला कळता कामा नये. घेऊन झालीच असेल तर पुडी देताना ‘इस्तंबूलचं आहे’ एवढेच म्हणावे.

बाहेर पडताना एखादा गृहस्थ आवाज उतरवून बायझंटाइन नाणे दाखवेल. खोटे असेल तर पैसे बुडाले. खरे असेल तर पुराणवस्तू देशाबाहेर नेणे हा तुर्कस्तानात गुन्हा आहे. तेव्हा नाणे खोटेच निघू दे, असा नवस बोलावा आणि भाव पाडायला घ्यावा.