तुमची कंपनी मॅच करते का?

बोस्टनच्या उपनगरांतला मराठी सायकलवीर जानेवारीत उगवतो. बाहेर गुडघाभर बर्फ असतो, सायकल तळघरात धूळ खात असते, तरी 'पॅन-मॅस चॅलेंज'मध्ये नाव घातल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून अवघ्या गोतावळ्यात पोचलेली असते. वय पंचेचाळिशीचं, नोकरी आयटीत किंवा औषधकंपनीत, कोलेस्टेरॉल काठावर पास. सायकलीची खरी किंमत घरात सांगायची नसते.

कर्करोग संशोधनासाठीची ही फेरी ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी निघते. बिली स्टार या तरुणाची आई कर्करोगाने गेली. पुढे १९८० साली त्याने ३६ जणांना घेऊन ती सुरू केली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले. आता हजारो लोक उतरतात आणि आजवरचा एकूण निधी १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर डॅना-फार्बर कर्करोग संस्थेला मिळतो. मेख एवढीच, की मार्ग निवडताना ठरलेले काही हजार डॉलर जमवावेच लागतात. कमी पडले, तर उरलेले स्वाराच्याच क्रेडिट कार्डावरून वळते होतात. चांगला सरळमार्गी माणूस हा नियम वाचून वसुली अधिकारी होतो.

त्यातून अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालतात. त्यामुळे पन्नास डॉलर देऊन कोणी सुटत नाही. "थँक यू! तुमची कंपनी मॅच करते का?" संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना हा प्रश्न येतो. बारशाला पाळण्याची दोरी हलवता हलवता येतो. सत्यनारायणाला दक्षिणा देतानाही येतो, कारण गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कुणाचेतरी सासरेही सुटत नाहीत. "सरकार महागाई भत्ता देतं," ते विचार करून सांगतात, "तो चालेल का?"

कोणी कां-कूं केलंच, तर इतिहास सुरू होतो. १९४७ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काहींचा आजार निदान काही काळ तरी हटला. केमोथेरपीची ही सुरुवातीची पायरी. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. "म्हणजे आपलाच माणूस!" समोरच्याचा ऊर भरून येतो. त्याच क्षणी पुढचा प्रश्न येतो, तो कोणता हे सांगायला नको.

प्रत्यक्ष सायकल चालवणं हा यातला किरकोळ भाग. स्टरब्रिजहून निघायचं, बोर्नला मुक्काम, दुसऱ्या दिवशी केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन. पुढे दहा दिवस जिना उतरताना कण्हायचं.

वाटेत लोक पाट्या घेऊन उभे असतात. त्यांत बरे झालेले असतात, न झालेल्यांच्या घरचेही असतात. काही संघांना दवाखान्यातलं एखादं मूल 'पेडल पार्टनर' म्हणून जोडून दिलेलं असतं. सुजलेल्या गुडघ्याचे चार बाजूंनी फोटो पाठवणारा हा माणूस त्या मुलाचा एकही फोटो ग्रुपवर टाकत नाही. विचारलं तर वाऱ्याची दिशा आणि चढ यांवर बोलतो.

हिशेब लागतो तो फेरीनंतर. पूजेच्या दिवशी शब्द दिलेले निम्मे लोक विसरलेले असतात. तो दोनदा आठवण करतो आणि मग गुपचूप स्वतःचे पैसे भरतो. देणगीदारांच्या यादीत सांगलीच्या एका मावशीचंही नाव असतं, पन्नास डॉलरपुढे. मावशी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेत होती, तेव्हा हा इथून व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट वाचत होता. मागच्या भारतवारीत तिने त्याच्या हातावर पाचशेची नोट ठेवली, "तुझ्या त्या सायकलीला" म्हणून. नोट त्याने मोडलेली नाही; पन्नास डॉलर खिशातले भरले आणि पावती तिच्या नावाने घेतली. देणगीदार म्हणून मावशीचं नाव लागल्यामुळे त्याच्या कंपनीने ते पन्नास मॅच केले नाहीत, ही हळहळ मात्र तो भेटेल त्याला ऐकवतो.