तेलाची वाट

मराठीने 'वाट' या शब्दाचे फार लाड केलेत. माणसं वाट पाहतात, वाट चुकतात, वाट काढतात आणि शेवटी त्यांची वाट लागते. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत मी हे सगळं एका दुपारात उरकलं.

डाव्या गुडघ्याने क्लचकडे राजीनामा दिल्यापासून माझ्याकडे एक जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर आहे. यात्रेच्या दिवशी म्हशाचा रस्ता बैलांनी आणि टेम्पोंनी तुंबलेला. तासभर रांगल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ओढ्यातून काढू. चार चाकांना जोर आहे तो कशासाठी?" ओढा कोरडा होता, पण त्यातले गोटे होते. त्यांतल्या एकाने गाडीला खालून टाळी दिली. मागे पाहिलं तर दगडांवर लाल रेघ. भाचा घाबरून म्हणाला, "रक्त?" तसंच म्हणायचं.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी तेल असतं. इंजिनचा एक पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. गाडी रांगत असली किंवा चढावर असली की ढकलाढकली फार आणि प्रगती थोडी. उरलेली मेहनत उष्णता होऊन बसते. (इथे मला काही बैठका आठवल्या, पण ते असो.) म्हणून ते तेल एका नळीने रेडिएटरपाशी जाऊन निवतं आणि दुसरीने परत येतं. 80 ते 95 अंश सेल्सिअसमध्ये ते सुखात असतं, 120 च्या पुढे करपायला लागतं. नळी फुटली तर पंप इमानेइतबारे सगळं तेल रस्त्यावर ओततो. तेव्हा इंजिन बंद करायचं आणि गप्प उभं राहायचं. आम्ही राहिलो.

बैल विकायला निघालेले एक काका थांबले. "लावू का जोडी?" इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गाडी तशीच ओढली तर आतला पंप फिरत नाही आणि गिअर कोरडे घासतात. पण आमच्या गाडीच्या पुस्तकात एक सवलत दिलेली होती. फोर बाय फोरचा छोटा दांडा न्यूट्रलला टाकला की चाकं मोकळी होतात. टाकला. मग आमची स्वारी बैलांमागून बाजारात शिरली. तिथे आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं दातांवरून वय ठरत होतं, उपरण्याखाली बोटं धरून भाव होत होते. एकाने बॉनेटवर थाप मारून विचारलं, "ही जुळलेली दिसते. कितीला?" दुसऱ्याने वाकून खाली पाहिलं आणि मान हलवून निघून गेला. इतकं प्रामाणिक मूल्यमापन विम्याच्या माणसानेही केलं नव्हतं.

गॅरेजात पोचल्यावर तिथला पोरगा पाठीवर सरकत गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलला, "साहेब, नळी गेलीच, पन तिची जागाच चुकीची हाय." मीही शेजारी आडवा झालो. इतकी वर्षं गाडी मी वरून पाहिली होती. खालून ती वेगळीच गाडी होती. नळी चेसिसच्या आडव्या पट्टीखालून, सगळ्यात सखल जागेतून जात होती, आणि पुढे सायलेन्सरच्या तापल्या पाइपाला जवळजवळ खांदा लावून. गार व्हायला निघालेलं तेल वाटेतच शेकोटीला बसत होतं. कधीतरी घाईत कोणीतरी जवळची वाट धरली असणार.

तेल सोसणारी नळी मुरबाडहून येईपर्यंत बराच वेळ होता. मी घोंगड्या आणि घुंगरं पाहत फिरलो. वाटा बदलणं या मुलखाला नवीन नाही. सातवाहनांच्या काळात कल्याणचा माल याच मुरबाड तालुक्यातल्या नाणेघाटाने जुन्नरला चढायचा, वर जकातीचा दगडी रांजण अजून आहे. पुढे मोटारींनी माळशेजची वाट धरली. रांजण मात्र जागेवरच राहिला, बिचारा गिऱ्हाइकाची वाट बघत.

संध्याकाळी नवी वाट आखली गेली: सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चेसिसच्या आतल्या अंगाला, पट्टीच्या वरून. मी म्हटलं, "जरा ताणून बसव, नीटनेटकी दिसेल." तो हसला. "ताणायची न्हाई. इंजिन हलतं, नळीला ढील पायजे. पन मुरड नको, मुरडली की तेल अडतं." लोखंडी तोंडाला फुगवटा होता, त्याच्या मागे पट्टा आवळला. जिथे पत्र्याची धार लागेल तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून दांडीवर पातळी पाहिली. "वास घेऊन बघा," तो म्हणाला. "लाल आणि बिनकरपलेलं, म्हंजे गिअर वाचला."

गाडीखाली पुठ्ठा सरकवून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. आम्ही चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर पुठ्ठ्याच्या कडेला रुपयाएवढा लाल ठिपका. माझ्या पोटात गोळा आला. शिकवल्याप्रमाणे बोट लावलं, वास घेतला.

कात, चुना आणि थोडी बडीशेप. शेजारी बैलवाले काका तोंड पुसत होते.