एक स्क्रू उरतोच

पुण्याच्या नारायण पेठेत राहणारे एक गृहस्थ नवी वस्तू घरात आली की आधी तिची पाठ बघतात. बायको पुढून बघते, हे मागून. स्क्रू दिसले तर चेहरा खुलतो. नुसतंच गुळगुळीत प्लास्टिक दिसलं, तर "चिकटवलंय" एवढा एकच शब्द उच्चारतात, पण नवऱ्या मुलाची पदवी खोटी निघाल्याचं कळलेल्या वधूपित्याच्या सुरात. इमारतीत त्यांना 'संशयात्मा' म्हणतात. संशयात्म्याचं पुढे काय होतं ते गीतेत सांगितलेलं आहे. हे मात्र पंचावन्नाव्या वर्षीही ठणठणीत आहेत.

यंत्रांचा त्यांना राग आहे असं कुणी समजू नये. दहाव्या वर्षी त्यांनी वडिलांचा ट्रान्झिस्टर उघडला. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला आणि आवाज पूर्वीपेक्षा बरा येऊ लागला, असा त्यांचा दावा आहे. त्यानंतर तो ट्रान्झिस्टर कधी वाजलाच नाही, असं आई सांगते. ते काहीही असो, तेव्हापासून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे त्यांचं तीर्थक्षेत्र झालं. यंत्र म्हटलं की जीव टाकणारा हा माणूस. त्यांचं भांडण आहे ते यंत्राच्या खोक्याशी. खरं म्हणजे खोक्यावर जे छापलेलं असतं त्याच्याशी.

हे भांडण जुनं आहे. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ' असं ठळक छापायची पद्धत होती. हा आकडा काढायचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नव्हतं. ज्याला जेवढा शोभेल तेवढा त्यानं लावावा. त्याच टेपरेकॉर्डरच्या पाठीवर (पाठ का बघायची ते आता कळलं असेल) बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, वीज लागते वीस वॅट. वीस वॅट आत, हजार वॅट बाहेर. संशयात्म्यांनी पुढे एकदा दुकानातच हिशेब मांडला होता : कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. म्हणजे असे वीस लाखांहून थोडे कमी टेपरेकॉर्डर एकत्र लावले की दुसरी कोयना तयार. धरण नको, बोगदे नकोत, विस्थापित नकोत. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, घ्यायचाय का?" त्यांनी घेतला. लता मंगेशकर वीस वॅटमध्येही चांगल्याच ऐकू येत होत्या.

आकड्यांची ही खोड पुढेही गेली नाही, तिनं फक्त कपडे बदलले. एक टीबीची डिस्क विकत आणून विंडोजच्या संगणकाला लावली की तो ९३१ जीबी दाखवतो. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. आपल्याकडे दूधवाला स्वतःचं माप घेऊन यायचा तेव्हा तोही आपल्या जागी खराच असायचा. फोनच्या कॅमेऱ्याचंही तेच. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून बारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि तो चांगला येतो. मग खोक्यावर बारा का नाही छापत? कारण शेजाऱ्याच्या खोक्यावर चौसष्ट आहे.

हल्ली आकड्यांपेक्षा शब्द जास्त खपतात. संशयात्म्यांच्या मेहुण्यानं मागच्या दिवाळीत 'एआय' असलेलं वॉशिंग मशीन घेतलं. ते कपड्यांचं वजन ओळखतं, पाणी ठरवतं, वेळ ठरवतं. संशयात्म्यांनी कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं, "तुमचं जुनं 'फझी लॉजिक'वालं काय करायचं?" तेही हेच करायचं. लॉत्फी झादे यांनी फझी संचांची कल्पना १९६५ मध्ये मांडली, कल्पना उत्तमच होती, आणि नव्वदच्या दशकात ती धुण्याच्या यंत्रांवर चिकटपट्टीसारखी लागली. लॉजिक म्हणजे काय आणि फझी म्हणजे काय हे तेव्हा ना घेणाऱ्याला ठाऊक होतं ना विकणाऱ्याला. कॉलरचा मळ दोन्ही युगांत हातानंच घासावा लागला, एवढी नोंद मेहुण्याच्या बायकोनं केली आहे.

नामांकित कंपन्यांबद्दल त्यांच्या मनात एक प्रकारचा आदर आहे. निर्ढावलेल्या कीर्तनकाराबद्दल असावा तसा. अॅपलनं २०१६ मध्ये आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं, तेव्हा फिल शिलर यांनी मंचावरून त्यामागचं कारण एका शब्दात सांगितलं : धैर्य. संशयात्मे त्या दिवशी फार अस्वस्थ होते. घरातल्या गळक्या नळाला बूच मारून आपणही पुष्कळ वेळा असं धैर्य दाखवलं, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीनं पडदा पुसायचं फडकं विकायला काढलं. भारतातली किंमत १,९०० रुपये. सोबत, हे फडकं कोणकोणत्या मॉडेलांना चालेल त्याची यादीही होती. संशयात्म्यांच्या आईंनी ती यादी वाचून घेतली आणि विचारलं, "ओट्याला चालतं का बघ."

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही ते तितक्याच प्रेमानं सांगतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीनं 'फ्रीडम २५१' हा स्मार्टफोन जाहीर केला. किंमत २५१ रुपये. तेवढ्यात त्या वेळी दोन माणसांचं थाळीचं जेवणही धड होत नव्हतं. पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते व्हाइटनरनं झाकलेलं होतं. व्हाइटनर! शाळेत प्रगतिपुस्तकावर जे तंत्रज्ञान वापरून पोरं पकडली जातात, तेच. तरीही सात कोटींहून जास्त नोंदण्या झाल्याचा कंपनीचा दावा होता. संशयात्मे लोकांना हसत नाहीत. त्यांचं म्हणणं, एकोणीसशेचं फडकं घेणारा आणि अडीचशेचा फोन मागणारा एकाच गोष्टीला भुलतो, किमतीला. एकाला वाटतं एवढी महाग आहे म्हणजे चांगली असणार, दुसऱ्याला वाटतं एवढी स्वस्त आहे म्हणजे आता सोडायची नाही.

इथपर्यंत सगळी गंमत. पण एक प्रसंग सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरतो. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत काही वाचकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं रातोरात नाहीशी झाली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं लक्षात आल्यावर अॅमेझॉननं ती दुरूनच पुसली आणि पैसे परत केले. त्यांत एक पुस्तक जॉर्ज ऑर्वेल यांचं '१९८४' होतं. हा विनोद कुणी रचून सांगितला असता तर संपादकानं फारच ओढूनताणून आहे म्हणून परत पाठवला असता. कंपनीनं नंतर माफी मागितली. संशयात्म्यांचा मुद्दा वेगळाच. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराची चूक झाली, तर तो मध्यरात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक काढून नेत नाही. निदान दार तरी वाजवतो.

आपल्या घरात, पण दुसऱ्याच्या हातात असलेल्या वस्तूंचा आणखी एक उपप्रकार म्हणजे त्यांच्याकडचा स्मार्ट दिवा. भाच्यानं भेट दिलेला. इंटरनेट असेतो तो जांभळा, पोपटी, मागाल तो रंग व्हायचा. इंटरनेट गेलं की जो रंग असेल त्यातच तो समाधी लावायचा. एका रात्री अडीचला वीज गेली, तीनला आली, आणि बंद केलेला दिवा कारखान्यातल्या शिकवणीप्रमाणे पूर्ण उजेडात पेटला. सौभाग्यवतींनी लाटणं घेऊन दिवाणखान्याची झडती घेतली. आईंनी अंथरुणातूनच सुचवलं, "अरे, भिंतीवर बटण असतं." दुसऱ्या दिवशी साधा एलईडी लागला. स्मार्ट दिव्याला स्क्रू नव्हते.

मग यावर उपाय काय? संशयात्म्यांचा देव्हारा वेगळा आहे : मुक्त सॉफ्टवेअर. या पंथाचा जन्मच एका प्रिंटरच्या वैतागातून झाला, म्हणून तो त्यांना जवळचा वाटतो. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा आणि प्रिंटर वेगळ्याच मजल्यावर, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचा नाही. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की निरोप यावा. नव्याचा मूळ प्रोग्रॅम त्यांनी एका संशोधकाकडे मागितला, तर तो म्हणाला, न देण्याच्या करारावर सही केली आहे. स्टॉलमन चिडले. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं छंद म्हणून लिहिलेला लिनक्सचा गाभा पुढे त्याला येऊन मिळाला. कागद अडकल्याचा राग आपल्यालाही येतो, पण आपण प्रिंटरला चापट मारून थांबतो.

इंग्रजीत 'फ्री' म्हणजे मोफत की स्वतंत्र, हे समजावण्यात स्टॉलमन यांचं निम्मं आयुष्य गेलं. मराठीत ही अडचणच नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. तरी श्रोते ऐकायचं तेच ऐकतात. संशयात्म्यांनी सोसायटीच्या सभेत मुक्त सॉफ्टवेअरवर वीस मिनिटं भाषण केलं, तेव्हा सेक्रेटरीकाकांनी इतिवृत्तात लिहिलं : "संगणक फुकटात चालू करून देण्याची जबाबदारी सभासदांनी स्वीकारली."

त्यांनी सोसायटीच्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवलं. मरायला टेकलेलं यंत्र तुरुतुरु चालू लागलं. मग वार्षिक सभा आली. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय. फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर यांची मिसळ. सभेनं ते एकमतानं कायम केलं.

दोष लिनक्सचा नव्हता, पण हे सांगायला कुणी थांबलं नाही, म्हणून इथे सांगून टाकू. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे आकार भाडेकरू म्हणून ठेवायचे, आणि प्रत्येक कंपनीची घरवाटणी निराळी. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला मूळ घरमालक दिसायचे. युनिकोडनं देवनागरीला स्वतःची जागा दिली. 'म'चा क्रमांक दशमान पद्धतीत २३५०, मग संगणक कुणाचाही असो. आणि 'एक टाइप' या मुंबईच्या गटानं 'मुक्ता'सारखे देखणे फॉन्ट खुल्या परवान्यानं देऊन टाकले, तेव्हा संशयात्म्यांनी सोसायटीची पाणीकपातीची नोटीस त्यात छापली. इतकी सुबक पाणीकपात पेठेत आजवर झाली नव्हती.

पण संशय म्हटला की तो स्वतःच्या देवावरही घ्यावा लागतो. खुल्या प्रोग्रॅमवर हजारो डोळे असतात, म्हणून चुका लपत नाहीत, हे या पंथाचं आवडतं आश्वासन. संशयात्मे त्यालाही जाहिरातच म्हणतात. ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम जगभरच्या संकेतस्थळांची कुलपं सांभाळतो. त्यातली 'हार्टब्लीड' नावाची फट एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. ती दोन वर्षं तशीच होती. डोळे होते कुठे? ज्याच्यावर अब्जावधींचे व्यवहार चालत होते त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. आपल्याकडे गल्लीतलं मंडळ एवढ्यात मांडवाचे बांबूसुद्धा आणत नाही. वापरणारे सगळे, बघणारं कुणीच नाही. सार्वजनिक नळाची तोटी आणि काय.

मार्च २०२४ मध्ये तर कहरच झाला. 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या छोट्या खुल्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदार बसवलं. हा कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ निमूट मदत करत होता, दमलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा भार हलका करत होता. गणपतीत राबणारा, म्हाताऱ्यांची औषधं आणून देणारा नवा भाडेकरू असतो ना, अगदी तसा. किल्ल्या हळूहळू त्याच्याकडे आल्या. हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. दुसऱ्याच कामाची मोजमापं घेताना त्याला दिसलं, की लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्याला बँकेच्या रांगेत अर्धा तास गेला तरी संशय येत नाही. फ्रॉइंडनं खणून बघितलं, कारण त्याला संशय आला, आणि कारण त्याला खणता आलं. संशयात्मे दुसऱ्या कारणावर जास्त जोर देतात. चोरदार चिकटवलेल्या खोक्यातही असू शकतं; तिथे अर्धा सेकंद मोजून फ्रॉइंड काय करणार होता?

एवढं ज्ञान जवळ असल्यामुळे लोक त्यांना सल्ला विचारायला येतात. "कोणता फोन घेऊ?" या प्रश्नाला ते पाऊण तास उत्तर देतात : बॅटरी बदलता येते का, सुधारणा किती वर्षं मिळणार, सुटे भाग मिळतात का. समोरचा चहा संपवतो, मान डोलावतो आणि लक्ष्मी रोडवर जाऊन नटीच्या हातात असतो तोच फोन घेतो. आणि तो फोन चांगला चालतो. हे संशयात्म्यांना सगळ्यात झोंबतं.

त्यांचा स्वतःचा फोन सहा वर्षांचा आहे, बॅटरी दोनदा बदललेली. डिसेंबर २०२४ च्या शेवटी युरोपीय संघानं तिथल्या नव्या फोनांना एकच टाइप-सी चार्जर बंधनकारक केला, तेव्हा त्यांनी घरात शिरा करायला लावला होता. सौभाग्यवतींनी तो केला, पण एका अटीवर : केबलींचा खण रिकामा झाला पाहिजे. तेव्हा वाचकांपैकी कुणाला चार व्हीजीए केबली, दोन प्रिंटरच्या, नोकियाचा जाड पिनेचा एक चार्जर आणि निरनिराळ्या यंत्रांतून उरलेले मूठभर स्क्रू हवे असतील, तर नारायण पेठेत जरूर चौकशी करावी. मुक्त आहेत. फुकटही.