दोन डबे

पुण्यात सिंहगडाची ट्रिप ठरायला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरायचा. कुणीतरी म्हणायचं, "उद्या जायचं का?" दुसरा म्हणायचा, "पाचला निघू." पाचला कुणीच निघायचं नाही, पण आठपर्यंत वर पोचून पिठलं-भाकरी हाणलेली असायची. म्युनिकमध्ये आठ वर्षं काढल्यावर मात्र माझी ही दशा आहे की तासाभरावरच्या टेगर्नझे तळ्याला जाऊन यायचं म्हटलं, तरी मी तीन आठवडे आधी तक्ता करतो. त्यात 'पाऊस आला तर' असा एक रकाना असतो, आणि 'पाऊस नाही आला तर' असा दुसरा.

या वेळी आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते, त्यामुळे तक्त्याला धार चढली. बाबांना मी बायर्न-तिकीट समजावून सांगितलं. एक दिवस, सगळा बव्हेरिया, पाच माणसांपर्यंत एकच तिकीट. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं, एरवी सकाळी नऊनंतर, आणि संपतं दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला. माणसं वाढतील तसे थोडेच पैसे वाढतात.

"थोडेच वाढतात ना," आई म्हणाली, "मग वरच्या मजल्यावरच्या आजींनाही घेऊ."

आजींना विचारलं. त्यांनी मनापासून आभार मानले, डायरी उघडली आणि सहा आठवड्यांनंतरचा एक गुरुवार देऊ केला. तोवर आई-बाबांचा व्हिसा संपत होता.

आईचं नियोजन वेगळ्याच खात्यात चाललं होतं. तिच्या दृष्टीने ट्रिप म्हणजे डबा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी. मी म्हटलं, "अगं, तिथे बिअर गार्डन आहे, खायला मिळतं." "मिळतं म्हणजे काय मिळतं?" या प्रश्नाला शाकाहारी माणसाच्या आईसमोर उत्तर नसतं. पण खाणावळीत बसून आपला डबा उघडायचा या कल्पनेनेच बायकोला घाम फुटला.

इथे बव्हेरियाचा राजा आमच्या मदतीला आला. म्युनिकचे बिअरवाले इसार नदीकाठी तळघरं खणून उन्हाळ्याची बिअर त्यात साठवत, वर सावलीला चेस्टनटची झाडं लावत आणि तिथेच लोकांना पाजत. खानावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं, त्यांनी बोंब मारली. तेव्हा पहिल्या माक्सिमिलियान राजाने 1812 च्या जानेवारीत तोड काढली: तळघरावर बिअर विका, पाव विका, बाकी खाणं विकायचं नाही. लोक काय करणार? घरून डबा आणू लागले. पुढे खाणं विकायची मुभा मिळाली, पण डब्याची चाल राहिली. टेबलावर कापड नसेल तिथे आजही आपलं खाणं खुशाल उघडावं. पेय तेवढं त्यांच्याकडून घ्यावं. 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीखाली वाढलेल्या आम्हा पुणेकरांना हे ऐकून भरून आलं. बाबा म्हणाले, "राजा कोकणस्थ असणार."

शनिवारी सगळं तक्त्याबरहुकूम झालं. तिकिटावर बाबांनी सर्वांची नावं मोत्यासारख्या अक्षरात लिहिली. गाडी वेळेवर सुटली. फक्त सुटण्याआधी आईला तीन डबे पुढे टेबलाची रिकामी जागा दिसली आणि आम्ही पिशव्यांसकट तिकडे हललो.

आता, या गाडीची खोड मला ठाऊक होती. ती निघते एक आणि पोचते तीन ठिकाणी. होल्त्सकिर्शनला तिचा एक तुकडा बायरिशत्सेलकडे जातो. शाफ्टलाखला उरलेलीचे दोन होतात, एक टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला. डब्यांवर तसं लिहिलेलं असतं, घोषणाही होते. ती झाली तेव्हा मी आईला 1812 सालची गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होतो.

शेवटचं स्टेशन आलं. पाटीवर 'लेंगग्रीस'. मी ती वाचली आणि कुणाला काही बोललो नाही. तीन आठवड्यांचा तक्ता खिशात असताना माणसाने तोंड तरी कसं उघडावं? उतरलो, चालू लागलो. कापलेल्या गवताचा वास, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, मागोमाग शेणाचा वास. आई थबकून म्हणाली, "अगदी आपल्या गावासारखं." मी म्हटलं, निभावतंय. मग पाणी दिसलं. मी हात पसरून म्हणालो, "हे बघा, तळं!"

सात वर्षांची लेक काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "हे तळं वाहतंय."

ती इसार होती.

बायको काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मी ओळखतो. बाबांनी सगळं समजून घेतलं. आयुष्यभर दौंड-पुणे केलेला माणूस तो. "म्हणजे डबे तोडले," ते म्हणाले, "आणि आपण चुकीच्या डब्यात." मग आईकडे वळून, "बरोबर डबा कुठंय? तो काढ."

वाटेत चेस्टनटच्या सावलीत उघडी लाकडी टेबलं सापडली. लिटरभराचा मग बाबांना दोन्ही हातांनी उचलावा लागला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा घरून आणलेला मुळा चाकूने गोल गोल कापून त्यावर मीठ टाकत होते. आईने त्यांच्यापुढे दशमी-चटणी ठेवली, त्यांनी मुळा इकडे सरकवला. चटणी खाऊन त्यांनी अर्धा मग एका दमात संपवला आणि बोट वर करून आणखी मागितली. मग नव्हे, चटणी.

परतताना फलाटावर बाबा अस्वस्थ. या बाजूने सगळेच डबे म्युनिकला जातात हे मी तीनदा सांगून झालं होतं, पण माझ्या शब्दाला त्या दिवशी किंमत राहिली नव्हती. गाडी लागली तसे ते घाईघाईने ओरडले, "अगं, आपला डबा कुठला?"

आईने पिशवी उघडून स्टीलचा डबा वर धरला. "हा काय. विसळून घेतलाय."