झेडचा दफ्तरदार

कॅलिफोर्नियात जुन्या जपानी मोटारींचे जे नाना पंथांचे उपासक आढळतात, त्यांपैकी डॅटसन 240झेडचा मालक स्वतःला शर्यतीचा गडी समजत असला, तरी त्याचा मूळ पिंड अस्सल दफ्तरदाराचा असतो, असे माझे नम्र निरीक्षण आहे. वय साठीच्या पुढे, सदऱ्यावर तेलाचे डाग, नाकावर ओघळलेला चष्मा, आणि हातात पाना असो वा नसो, टाचणवही मात्र हटकून असायचीच. त्याच्या गॅरेजच्या तीन भिंतींना फडताळे लागलेली असतात. त्यांत पिवळसर मुलामा नव्याने चढवून आणलेले बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांतून विराजमान झालेले असतात. त्या पिशव्यांची फेरिस्त एका वहीत, फेरिस्तीची नक्कल दुसरीत, आणि नकलेची रुजुवात केल्याची तारीख तिसरीत. चौथ्या भिंतीशी जी जागा उरते, तिच्यात मोटार.

वास्तविक या मोटारीचा जन्म हिशेबठिशेबाला कंटाळलेल्या माणसासाठी झाला होता. निस्सानच्या अमेरिकेतील कारभाराचे प्रमुख युटाका काटायामा यांच्या आग्रहामुळे 1969च्या अखेरीस जी लांब नाकाची, एका रांगेत सहा सिलिंडर मांडलेली, 2393 घन सेंटिमीटरच्या इंजिनाची मोटार अवतरली, तिची अमेरिकेतील किंमत अवघी 3,526 डॉलर होती; म्हणजे जग्वारच्या ई-टाइपकडे दुरूनच पाहून सुस्कारा सोडणाऱ्या शाळामास्तरालाही ती आवाक्यातली वाटावी. जपानात तिला फेअरलेडी झेड म्हणत. हे सोज्वळ नाव अमेरिकेत चालायचे नाही असे ठरवून काटायामांनी आलेल्या मोटारींवरचे बिल्ले उतरवून 240झेड अशी अक्षरे लावविली, असे सांगतात. कारकुनाने चार घटका बेभान व्हावे म्हणून जी घडविली, तिनेच पुढे बेभान माणसांचे कारकून केले, याला दैवगती म्हणावे.

हा गृहस्थ दुसऱ्याच्या झेडपाशी गेला, की प्रथम इंजिन पाहील असे समजू नये. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील धातूच्या पट्टीशी वाकतो आणि वतनदाराने सनद वाचावी तशी निर्मितीचा महिना व वर्ष वाचतो. पुढचा खल मग तासभर चालतो. आरंभीच्या मोटारींच्या मागील झाकणावर हवेसाठी दोन झरोके होते. 1971च्या सुमारास ते तेथून उठून बाजूच्या खांबावर, गोल बिल्ल्याच्या आश्रयाला गेले. तेव्हा खांबावर झरोका असलेल्या मोटारीला कोणी पहिल्या मालिकेतील म्हणू लागला, तर त्या माणसाच्या एकंदर नीतिमत्तेविषयीच याला शंका येते. धुरावरील निर्बंधांपायी 1973 साली जे सपाट माथ्याचे कार्ब्युरेटर बसविण्यात आले, त्यांचा उच्चार तो घरातल्या कलंकाप्रमाणे खालच्या आवाजात करतो. गंजाच्या बाबतीत मात्र तो निर्विकार वैद्य आहे: लोहचुंबक फिरवून, बॅटरीखालचा पत्रा ठोकून, पायाखालची जमीन खालून चाचपून तो निदान सांगतो, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या पूर्वेकडील राज्यांतून आलेली मोटार असेल, तर नुसती मान हलवतो. डॅशबोर्डवरील घड्याळ बंद असणे हे तर झेडचे कुललक्षणच; चालू घड्याळ दिसले, की हा मनुष्य साशंक होतो.

कारखान्याची दुरुस्तीपुस्तिका हा त्याचा धर्मग्रंथ. तिची एक प्रत वाचायला, एक तेलकट हातांनी उलटायला, आणि एक कोणालाही न दाखवायला. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द निस्साननेच अमेरिकेत जुन्या 240झेड विकत घेऊन, सुट्या करून, पुन्हा जुळवून आपल्या विक्रेत्यांमार्फत विकल्या. त्या उपक्रमाबद्दल विचारावे, तर ‘त्या फार नव्या दिसत’ असा अभिप्राय मिळतो. परंतु न्याय करायचा तर हेही नोंदले पाहिजे, की शेजाऱ्याला शिडी उसनी देताना कपाळाला आठ्या घालणारा हाच इसम, दूरच्या राज्यातील कोणा अनोळखी मालकाच्या मागच्या दिव्याची काच फुटल्याचे कळताच, आपल्या फडताळातली काच कापसात गुंडाळून स्वखर्चाने रवाना करतो. अर्थात जावक वहीत नोंद करूनच.

लाँग बीचला 2005पासून जुन्या जपानी मोटारींचा मेळा भरतो, तेथे वर्षातून एकदा तो मोटार घेऊन जातो. एरवी रविवारी सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत. अशाच एका रविवारी शेजारच्या मुलाने सायकल थांबवून विचारले,

“ही किती पळते हो?”

“कोणत्या महिन्यातली?”

“हीच, तुमची.”

“ही मे 1970ची,” असे म्हणून तो विचारात पडला. “वेगाचा कागद पहिल्या मालकाच्या पुडक्यात असावा. थांब, काढतो.”

तो आत गेला. मुलगा दोन गल्ल्या हिंडून परत आला, तेव्हा पुडके सापडले होते. पण फेरिस्तीत त्याचा अनुक्रमांक चुकला असल्याचे ध्यानात आल्याने आधी दुरुस्ती चालू होती.